चाकांचे संरेखन, मोटारगाडीच्या

चाकांचे संरेखन, मोटारगाडीच्या : मोटारगाडीची चाके परस्परांशी, गाडीच्या मध्यरेषेशी व रस्त्याच्या पृष्ठाशी ज्या ठराविक कोनांत बसविलेली असतात, त्या मांडणीला चाकांचे संरेखन म्हणतात. कारखान्यात ही मांडणी मिलिमीटरच्या व अंशाच्या काटेकोरपणाने केलेली असते. पदपथाच्या दगडी कडेवर किंवा दुभाजकावर चाक आदळले, की ती क्षणात बिघडू शकते. जुन्या गाडीत हा बिघाड आघातामुळे झाला की झिजेमुळे, हे ओळखणे विशेष कठीण असते.

इतिहास : घोडागाडीचा पुढचा आस मधल्या खिळीभोवती अखंड फिरत असे. दोन्ही चाके आसाच्या टोकांशी स्वतंत्रपणे वळविण्याची रचना म्यूनिकच्या गेओर्ख लांकेन्स्पेर्गर यांनी योजिली आणि १८१८ मध्ये लंडनच्या रूडॉल्फ आकरमान यांनी तिचे इंग्लंडमध्ये एकस्व घेतले. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे, हे तिचे तत्त्व होय. पुढे मोटारगाडीने ही रचना स्वीकारली. परंतु चाके स्वतंत्रपणे वळू लागली म्हणजे ती एकमेकांशी जुळलेली आहेत की नाहीत, हे मोजणेही आवश्यक ठरले.

मोजावयाचे कोन मुख्यतः तीन आहेत. वरून पाहता चाकांची पुढची टोके आत वा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो. समोरून पाहता चाकाचा माथा आत वा बाहेर कललेला असणे म्हणजे कँबर. आणि चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो बाजूने पाहता मागे वा पुढे झुकलेला असणे म्हणजे कॅस्टर. प्रारंभी ही मापे दोरी, ओळंबा व मोजपट्टीने घेत. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रकाशशलाकेची, नंतर इलेक्ट्रॉनीय संवेदकांची व १९९० नंतर कॅमेऱ्यांची साधने प्रचारात आली.

भारतातील गाड्या : वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या १९४४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे फियाट ११०० व पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या बनविल्या. या गाडीचे प्रत्येक पुढचे चाक वर-खाली बसविलेल्या दोन दुबेळकी भुजांनी धरलेले असते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये वरच्या भुजेची जागा उभ्या स्ट्रटने घेतली. अशा गाडीत टो जुळविता येते, परंतु कँबर जुळविण्याची सोय सामान्यतः नसते. म्हणून कँबर बिघडलेले आढळल्यास एखादा भाग वाकला किंवा सरकला, असेच समजावे लागते. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली. खाजगी मालकांनी जपलेल्या अशा गाड्यांना नवे सुटे भाग मिळणे अवघड असते.

निदान : कोकणात हा प्रश्न नेहमीचा आहे. रत्नागिरी शहरालगत मिरजोळे येथे औद्योगिक वसाहत आहे. या परिसरात आवारभिंती व गटारांच्या कडा बहुधा जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधतात. मुसळधार पावसात पाण्याखाली गेलेली अशी कड चालकास दिसत नाही.

आघातानंतर सुकाणूचक्र तिरके राहते किंवा गाडी एका बाजूस ओढते. प्रथम टायरांतील हवेचा दाब समान करतात व पुढच्या टायरांची अदलाबदल करून पाहतात. ओढीची दिशा बदलल्यास दोष टायरचा असतो. नंतर चाक उचलून फिरवितात, म्हणजे वाकलेली रिम उघड होते. चाक वर-खाली धरून हलविता ढिलेपणा जाणवल्यास बेअरिंग वा बॉलजॉइंट, आणि डावी-उजवीकडे धरून हलविता जाणवल्यास टायरॉडचे सांधे झिजलेले असण्याचा संभव असतो. ही झीज दूर केल्याशिवाय घेतलेले माप व्यर्थ ठरते.

टायरवरील खुणाही बोलक्या असतात. टो बिघडल्यास नक्षीच्या कडा करवतीसारख्या होतात, तर कँबर बिघडल्यास टायरची एकच बाजू झिजते. मात्र या खुणा पडण्यास काही अंतर धावावे लागते. ताज्या आघाताचा पुरावा मोजमापातच शोधावा लागतो. त्यासाठी पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधील अंतर दोन्ही बाजूंना मोजतात. आदळलेल्या बाजूचे अंतर कमी भरल्यास खालची भुजा मागे रेटली गेली असावी. अशा वेळी त्या चाकाचे कॅस्टर घटते व गाडी त्याच बाजूस ओढते.

येथेच मोठी चूक संभवते. भुजा वाकलेली असतानाही टायरॉड कमी-अधिक करून टो जुळविता येते. सुकाणूचक्र सरळ होते आणि दोष झाकला जातो. सुटा भाग मिळत नाही म्हणून वाकलेला भाग तापवून सरळ करण्याचा मोह तर अधिक घातक आहे. घडीव पोलादाला उष्णता-संस्करणाने आलेले बल अनियंत्रित तापविण्याने कमी होते आणि बारीक तडा डोळ्यांस दिसत नाही. असा भाग आंबा घाटासारख्या उतारावर, ब्रेक व वळण यांचा एकत्रित ताण पडताना तुटू शकतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे यंत्र असो वा दोरी, क्रम एकच राहतो : आधी झीज, मग वाक शोधणे, वाकलेला भाग बदलणे आणि सर्वांत शेवटी कोन जुळविणे. [⟶ मोटारगाडी].