न्यूरोब्लास्टोमा शरीरात कसा पसरतो?

न्यूरोब्लास्टोमा हा अपरिपक्व मज्जापेशींचा कर्करोग आहे. तो बहुतेक वेळा पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि पुष्कळदा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत सुरू होतो. निदानाच्या वेळीच सुमारे निम्म्या मुलांमध्ये तो दूरवर पसरलेला असतो. त्यामुळे ‘आमच्याकडून उशीर झाला का?’ असे पालक विचारतात.

तो इतक्या लवकर का पसरतो?
गर्भाच्या पाठीच्या कण्याजवळ ‘न्यूरल क्रेस्ट’ पेशी तयार होतात. त्या मूळ जागा सोडून दूर जातात आणि मज्जातंतू, ॲड्रिनलचा आतला भाग इत्यादी घडवतात. न्यूरोब्लास्टोमा याच वंशातल्या, वाढ अर्धवट राहिलेल्या पेशींपासून होतो. स्थलांतराची ती जुनी क्षमता या पेशी पुन्हा वापरत असाव्यात, असे संशोधनातून दिसते. रक्त आणि लसिकेवाटे त्या अस्थिमज्जा, हाडे, लसिकाग्रंथी, यकृत व त्वचेत पोहोचतात. म्हणून मूल लंगडू लागते किंवा मार न लागताही डोळ्यांभोवती काळेनिळे होते.

प्रत्येक गाठ सारखी नसते
काही गाठींत एमवायसीएन जनुकाच्या अनेक प्रती असतात. हे १९८३ मध्ये लक्षात आले. अशा गाठी वेगाने वाढतात. उलट, १८ महिन्यांखालील काही बाळांमध्ये यकृत, त्वचा व थोडा अस्थिमज्जेत पसरलेला आजारही आपोआप ओसरतो.

जपानने १९८५ पासून देशभर बाळांची लघवी तपासून हा आजार लवकर शोधायला सुरुवात केली. गाठी जास्त सापडल्या, पण त्यांतल्या अनेक आपोआप ओसरणाऱ्या होत्या. कॅनडा व जर्मनीतील अभ्यासांतही अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आजार पसरल्याचा दोष स्वतःला देऊ नका. मात्र लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नका.

उपचारांसाठी याचा अर्थ
पसरलेल्या आजारात फक्त गाठ काढून भागत नाही. म्हणून एमआयबीजी स्कॅन आणि कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांतून अस्थिमज्जेची तपासणी करतात. जास्त जोखमीच्या आजारात केमोथेरपी, शस्त्रक्रिया, स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण, रेडिएशन आणि जीडी२ या पेशींवरील खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे वापरली जातात.

डॉक्टरांना विचारा
- एमवायसीएन तपासणीचा अहवाल काय आहे?
- अस्थिमज्जेत कर्करोगाच्या पेशी आढळल्या का?
- आमचे मूल कोणत्या जोखीम गटात येते?