हैदराबादचा मराठी विद्यार्थी आणि इंग्रजीची परीक्षा

मॅट्रिक म्हणजे इंग्रजी, असे समीकरण आपल्या समाजात दोन-तीन पिढ्या रूढ होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. इतर विषयांत काठावर असलेला मुलगा कसाबसा तरून जाई. इंग्रजीत बुडाला तो बुडालाच. मुंबई इलाख्यातील मराठी मुलाला ही एकच नदी ओलांडावयाची होती. निजामाच्या राज्यातील मराठी मुलाच्या वाटेवर तिच्या अलीकडे दुसरी एक नदी होती, ती म्हणजे उर्दू. या दुहेरी प्रवासाची हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

संस्थानात फारसीच्या जागी राजभाषा म्हणून उर्दू आली ती 1884 च्या सुमारास. पुढे तीनच वर्षांनी, 1887 साली, निजाम कॉलेज स्थापन झाले व ते मद्रास विद्यापीठास जोडले गेले. म्हणजे कचेरीची भाषा उर्दू, आणि पदवीची वाट मद्रासमार्गे इंग्रजीतून, अशी विभागणी झाली. त्या मद्रासच्या मॅट्रिक परीक्षेत 1891 साली हैदराबादची एक बारा वर्षांची मुलगी उत्तीर्ण झाली व साऱ्या इलाख्यात तिचे नाव गाजले. तीच पुढे सरोजिनी नायडू. पण तिचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे निजाम कॉलेजचे पहिले प्राचार्य होते व घरात इंग्रजीचा राबता होता, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. परभणी-नांदेडकडून शिकावयास आलेल्या कुलकर्ण्याच्या मुलास त्या उदाहरणाने धीर येण्यापेक्षा धडकी भरण्याचाच संभव अधिक.

यानंतर उस्मानिया विद्यापीठ आले. 1917 च्या फर्मानाने त्याची योजना झाली व 1918 साली ते स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. मात्र प्रत्येक विद्यार्थ्यास इंग्रजी ही भाषा म्हणून सक्तीची. ग्रंथांसाठी वेगळे भाषांतर खाते उघडण्यात आले आणि पुढे वैद्यक व स्थापत्यासारखे विषयही उर्दूतून शिकविले गेले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे हे धाडस मोठेच होय, आणि त्याचा गौरव करण्यास आम्ही कचरत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. देशी भाषा खरी, पण कोणाची? राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. ज्या युक्तिवादाने इंग्रजी माध्यम परके ठरले, त्याच युक्तिवादाने मराठवाड्यातील मुलाच्या दृष्टीने उर्दू माध्यमही परकेच ठरत होते. न्यायासनापुढे असा युक्तिवाद मांडणाऱ्या वकिलास न्यायाधीश पहिल्याच वाक्याला थांबवतील.

त्या मुलाच्या डोक्यात काय चालत असेल, याची कल्पना करून पाहावी. घरी ‘त्रिकोण’, वर्गात ‘मुसल्लस’, आणि इंग्रजीच्या पुस्तकात ‘ट्रायँगल’. घरी ‘तारीख’ म्हणजे दिवसाचा आकडा. शाळेत ‘तारीख’ म्हणजे इतिहास. भूगोल ‘जुगराफिया’ झाला, गणित ‘रियाजी’ झाले. बालबोध डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे, इंग्रजी पुन्हा डावीकडून. लिपीचे कष्ट आम्ही फारसे मोठे मानीत नाही, मुले ते लवकर आत्मसात करतात. खरी अडचण अर्थाची. इंग्रजी उताऱ्यातील एखादा भाववाचक शब्द समजून घ्यावयाचा, तर त्यासाठी ज्या उर्दू शब्दाचा आधार मिळे, तो शब्दच मुलास पाठ होता, कळलेला नव्हता. पाठ केलेल्यावर पाठ केलेले रचले की इमारत उभी दिसते, पण तिच्यात राहता येत नाही. वाचन कसेबसे निभे. स्वतःच्या मनातले चार वाक्यांत लिही म्हटले की लेखणी अडे.

मुंबई-पुण्याच्या मुलापाशी निदान तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिची आज थट्टा होते, आणि तिच्यातील काही वाक्ये थट्टेस पात्र आहेतही. तथापि मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी करावयाचे, ही तिची रीत मुलाला स्वतःच्या भाषेपासून तोडीत नव्हती.

हैदराबादेत ही गरज ओळखणाऱ्यांत केशवराव कोरटकर (1867–1932) अग्रभागी होते. ते नामांकित वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. वामनराव नाईक प्रभृती मंडळींसह त्यांनी 1907 च्या सुमारास उभारलेल्या विवेकवर्धिनीने शहरातील मराठी घरांना आपली म्हणता येईल अशी शाळा दिली. 1922 साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. परीक्षेच्या तयारीशी ग्रंथालयाचा काय संबंध, असे कोणी विचारील. ज्याला एका भाषेत वाचनाची गोडी लागली नाही, त्याला दुसऱ्या भाषेचा अपठित उतारा उलगडत नाही, एवढाच संबंध.

आमच्या कोंकणी वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातही राज्यकर्त्यांची भाषा एक, घरातली कोंकणी, देवळातील कीर्तन-पोथीची मराठी, आणि मॅट्रिक मुंबई विद्यापीठाचे इंग्रजी, असा चौपदरी प्रकार होता. पणजी, म्हापसे, मडगाव येथील इंग्रजी शाळांनी किती तरी सारस्वत मुलांना मुंबईची वाट दाखविली.

या सक्तीच्या इंग्रजीची कसोटी लागली ती 1938 च्या अखेरीस. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियातील विद्यार्थ्यांवर बडतर्फीची कारवाई झाली, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना सामावून घेतले. ज्यांनी शास्त्र आणि इतिहास उर्दूत शिकला, ते एकाएकी इंग्रजी व्याख्यानांसमोर बसले. आजवर जो केवळ एक विषय होता, तोच आता सर्व विषयांचा दरवाजा झाला. या चळवळीमुळे नागपुरास गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांनी पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली, हे येथे सहज आठवते. अनेक भाषांच्या ओझ्याखाली सगळेच वाकत नाहीत. पण अपवादावर अभ्यासक्रम बेतावयाचा नसतो.

1948 च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले व उस्मानियाचे माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर आले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे मराठी लोक आपल्याच जुन्या राजधानीत अल्पसंख्य भाषिक होऊन राहिले. आज तेलंगणात दहावीच्या इंग्रजीत उताऱ्यावरील प्रश्न, व्याकरण, पत्र, संवाद असे सारे असते. 2018 च्या कायद्याने तेलुगू सर्व शाळांतून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि 2022 पासून सरकारी शाळाही इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. या रचनेत मराठीला जागा थोडीच उरते.

गंमत अशी की, आजच्या मुलाला इंग्रजीची भीती नाही. पण अथर्वशीर्ष तो रोमन अक्षरांत छापलेले मागतो. देवस्थानांच्या सभागृहांत दहावीच्या मुलांसाठी मार्गदर्शनवर्ग भरतात, ते भरावेत. आमची सूचना एवढीच की, त्यांत आठवड्यातून एक तास असा असावा, की मुलाने मराठी वा कोंकणी पुस्तकातील पाच ओळी मोठ्याने वाचाव्यात, त्यांचा अर्थ आपल्या बोलीत सांगावा, आणि मग त्या इंग्रजीत लिहाव्यात. वाचन, आकलन, लेखन, परीक्षक जे मागतो ते सगळे त्यात येते. त्यासाठी शिक्षक शोधावयास दूर जावे लागणार नाही. देवळात संध्याकाळी येऊन बसणाऱ्या निवृत्त मंडळींत ते सापडतील.