फ्रीडल डिकर-ब्रँडाइस : छावणीतल्या मुलांच्या चित्रकला शिक्षिका

फ्रीडल डिकर-ब्रँडाइस (१८९८–१९४४) या व्हिएन्नात जन्मलेल्या ज्यू चित्रकार आणि कलाशिक्षिका होत्या. जर्मनीतील वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत त्या शिकल्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना प्रागजवळच्या तेरेझिन येथील बंदिस्त वस्तीत पाठवले. सोबत मोजकेच सामान नेता येत असे. त्यात त्यांनी चित्रकलेचे साहित्य घेतले.

तेरेझिनमध्ये मुलांना शाळा शिकवण्यास बंदी होती. तरीही फ्रीडल मुलांच्या निवासात चित्रकलेचे वर्ग घेत. कागदाची टंचाई असल्याने वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूही कामी येत. हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा मुलाने स्वतःच्या नजरेने पाहावे, यावर त्यांचा भर होता. चित्रावर नाव लिहायलाही त्या सांगत. माणसांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत मुलांचे नाव टिकवण्याचा तो मार्ग ठरला.

ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला नेऊन ठार मारण्यात आले. मागे राहिलेल्या दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे ४,५०० चित्रे होती. युद्धानंतर ती प्रागला पोहोचली आणि आज तेथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. चित्रांवरची त्यांची नावे मात्र आजही वाचता येतात.