सूक्ष्म कोळ्यांचा अभ्यास आणि चित्राचे प्रामाण्य

ठाण्यातील नौपाडा हा एके काळी वाड्यांचा आणि चाळींचा असलेला भाग आज उंच इमारतींनी भरून गेला आहे. तथापि तेथील भिंतींवरचा एक जुना रहिवासी अद्याप टिकून आहे. जाळे न विणता भक्ष्यावर झडप घालणारा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा हा कोळी शास्त्रात 'प्लेक्सिपस पायकुली' या नावाने ओळखला जातो. मराठीत 'कोळी' ही संज्ञा या प्राण्यालाही आहे आणि मासे धरणाऱ्या समाजालाही. 'कोळिष्टक' हा शब्दही जाळ्याकडेच लक्ष वेधतो. ज्या कुलाने जाळ्याचा मार्गच सोडला, त्याला या शब्दसमूहात स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. त्याचे 'सॅल्टिसिडी' हे लॅटिन नाव मात्र उडी मारण्याच्या क्रियेवरून आलेले आहे. ६,००० हून अधिक जाती असलेले हे कोळ्यांचे सर्वांत मोठे कुल होय.

या भिंतीवरील कोळ्याच्या नामकरणाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. नेपोलियनच्या इजिप्तवरील मोहिमेबरोबर (१७९८–१८०१) गेलेल्या साव्हिन्यी या निसर्गशास्त्रज्ञाने तेथील प्राण्यांच्या अत्यंत सूक्ष्म आकृत्या सिद्ध केल्या. परंतु नेत्रविकारामुळे त्याला त्यांचे विवरण लिहिता आले नाही. ते काम १८२६ मध्ये ओद्वँ याने केले. त्याच्यापुढे मुख्यतः होते ते साव्हिन्यीचे चित्रपट. घरोघरी आढळणाऱ्या 'हॅसेरियस ॲडन्सोनी' या दुसऱ्या कोळ्याचे नावही याच विवरणातले. म्हणजे नौपाड्याच्या भिंतीवरील या प्राण्याला त्याचे नाव एका चित्रामुळे लाभले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील काळात मात्र चित्राचे हे प्रामाण्य ओसरले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांनी नमुने जमविण्याची परंपरा रुजविली. पोकॉक याने १९०० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील अष्टपाद प्राण्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि स्वातंत्र्योत्तर काळात बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या वतीने १९८० व १९८२ मध्ये कोळ्यांवरील दोन खंड सिद्ध केले. या परंपरेत अल्कोहोलात जतन केलेला नमुना हाच अंतिम पुरावा मानला जातो. त्याचे कारण उघड आहे. दोन निकटच्या जातींतील भेद बहुधा नराच्या स्पर्शपादांच्या आणि मादीच्या जननांगांच्या रचनेत असतो. तो सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतो. परंतु अल्कोहोलात रंग फिके पडतात, आणि जिवंत प्राण्याची बसण्याची ढब, त्याचे नृत्य, त्याचे भक्ष्य यांविषयी बाटलीतील नमुना काहीच सांगत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम निकट छायाचित्रणाने केले. किल्फिट या जर्मन निर्मात्याने १९५५ मध्ये छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी 'मॅक्रो' भिंग बाजारात आणले. १९९९ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीने एक ते पाच पट प्रतिमा देणारे भिंग सादर केले. या प्रगतीची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. पाचपट प्रतिमेत प्रकाशाची तीव्रता सुमारे ३६ पटींनी घटते आणि स्पष्ट दिसणाऱ्या क्षेत्राची खोली मिलिमीटरच्या लहानशा अंशावर येते. डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात. म्हणून फ्लॅशचा प्रकाश पातळ पडद्यातून गाळून घ्यावा लागतो. निरनिराळ्या अंतरांवर घेतलेली चित्रे एकत्र करण्याची युक्ती आहे, पण ती स्थिर प्राण्यावरच चालते. उडी मारणारा कोळी तर छायाचित्रकाराकडे वळून पाहतो! त्याच्या मुख्य डोळ्यांची भिंगे अचल असून त्यांमागील दृष्टिपटल हलते. त्यामुळे लागोपाठच्या दोन चित्रांत डोळ्यांचा रंग निराळा दिसू शकतो. हा भेद जातिभेद समजणे चुकीचे ठरेल.

मग केवळ छायाचित्रावरून नवी जाती स्थापन करता येईल काय? २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन जतन केलेल्या नमुन्यावाचून, छायाचित्रांच्या आधारे प्रसिद्ध झाले आणि मोठा वाद उद्भवला. २०१७ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने अशी पद्धती निषिद्ध ठरविली नाही. परंतु तिचा अवलंब करणाऱ्याने त्याची कारणे सविस्तर द्यावीत अशी शिफारस केली.

ठाणे परिसराचे उदाहरण या वादात मार्गदर्शक ठरते. २०२१ मध्ये ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन कॅलेब व राजेश सानप यांनी 'आर्थ्रोपोडा सिलेक्टा' या रशियन नियतकालिकात उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती वर्णिल्या. त्यांपैकी ठाणे-कल्याण परिसरातील जातीला 'आयसियस तुकारामी' हे नाव देण्यात आले. २००८ च्या नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ल्यात गिरगाव चौपाटीजवळ दहशतवाद्याला धरून ठेवताना हुतात्मा झालेले पोलिस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचे ते स्मारक आहे. 'तुकारामी' हे लॅटिनमधील षष्ठीचे रूप असून त्याचा अर्थ 'तुकारामाचा' असा होतो. साताऱ्याकडील एका मराठी माणसाचे नाव अशा रीतीने प्राणिशास्त्राच्या सार्वत्रिक कोशात स्थिर झाले. नावाला शास्त्रीय आधार दिला तो वर्णनाने; पण हे नाव वृत्तपत्रांतून घरोघरी पोचले ते छायाचित्रांसह.

यावरून असे दिसते की, नमुना आणि छायाचित्र हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. शिलालेखावरून भाषेचे जुने रूप निश्चित करता येते, पण तिचा उच्चार कळण्यासाठी बोलणारा माणूस लागतो. तसाच हा संबंध आहे. मात्र छायाचित्रालाही पुराव्याची शिस्त हवी. स्थळ, दिनांक, वनस्पती व आकारमान यांची नोंद नसलेले सुंदर चित्र अभ्यासकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. नौपाड्यातील भिंत असो की येऊरच्या डोंगरातील पान, झपाट्याने पालटणाऱ्या या परिसरात कोणता जीव कोठे व केव्हा होता याचा पुरावा पुष्कळदा हौशी छायाचित्रकारांच्या संग्रहातच उरेल. ते संग्रह आजच नोंदींसह जतन करणे हे विद्यापीठांचे व संग्रहालयांचे कर्तव्य ठरते.