लेखनाची मालगुजारी

वर्धा शहराच्या कडेला, जेथे नगरपरिषदेची हद्द कोठे संपते आणि ग्रामपंचायतीची कोठे सुरू होते हे परक्या माणसाला सांगूनही उमगत नाही, तेथे बोरगाव मेघे वसलेले आहे. २०११ च्या जनगणनेच्या दप्तरात त्याची नोंद नगर म्हणून झाली, परंतु ही नोंद केवळ जनगणनेपुरती होती. नगरपरिषदेची सनद त्यामागे नव्हती. आज या गावातील एखादी विद्यार्थिनी रात्री आपल्या मोबाइलवर चार ओळी लिहून फेसबुकवर टाकते, तेव्हा ती जागा कोणाची, तिच्यावर लिहिणारीचा हक्क कोणता आणि तेथून तिला उठवण्याचा अधिकार कोणाकडे, हे प्रश्न तिच्या मनात येत नसतील. पण तिच्या गावाच्या मातीला हे प्रश्न मुळीच नवे नाहीत. या मुलखात जमिनीच्या बाबतीत तेच प्रश्न नव्वद वर्षे लढवले गेले आहेत.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. वर्धा हे शहर तर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसवले गेले. याच दशकात झालेल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताने, भोसल्यांच्या अमदानीत जो गावाचा सारा वसूल करून सरकारात भरीत असे त्याला, म्हणजे मालगुजाराला, गावाचा मालक ठरवले. रयतेचे मात्र अनेक दर्जे राहिले. ज्यांचा ताबा जुना आणि निर्विवाद होता ते मालिक-मकबुजा झाले : आपल्या तुकड्यापुरते ते पूर्ण मालक, सारा मालगुजाराच्या हातून सरकारात जाई एवढाच काय तो त्याचा संबंध. त्यांच्या खाली मौरुसी कुळे. त्यांना मालकी नव्हती, पण सहजासहजी बेदखल करता येत नसे. त्यांच्याही खाली साधारण रयत, आणि सर्वांत शेवटी शिकमी, ज्याचे नाव बहुधा कोणत्याच कागदावर चढत नसे. चौघेही एकाच पावसाची वाट पाहत आणि एकाच बाजारात कापूस नेत. शेत पाहून कोण कोणत्या दर्जाचा हे ओळखता येत नसे. भेद कळे तो मालगुजाराची मर्जी फिरली म्हणजे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली. आंतरजालावरील लेखनाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास मला या दर्जांच्या भाषेत जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्य कोणत्याही भाषेत दिसत नाही.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी याच परिसरातील एक जुनी रीत सांगणे अवश्य आहे, कारण एका व्यक्तीने आपल्या विचारासाठी आपलेच पत्र चालवावे ही प्रथा वर्ध्याने फार निष्ठेने पाळली. साबरमतीहून एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यास आलेल्या विनोबांनी १९२३ मध्ये 'महाराष्ट्र धर्म' हे मासिक काढले. उपनिषदांवरील त्यांचे निबंध त्यातच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. पुढे ते पत्र साप्ताहिक होऊन सुमारे तीन वर्षे चालले आणि तुकोबांच्या अभंगांवरील विवेचनामुळे घरोघर वाचले गेले. विनोबांचे मराठी गद्य घडले ते या पत्राच्या पानांवर. कोणा संपादकाच्या संमतीसाठी त्यांना थांबावे लागले असते, तर उपनिषदांसारखा विषय आणि इतकी आखूड, अलंकारहीन वाक्ये त्या काळच्या नियतकालिकांत कितपत खपली असती याची मला शंका आहे. वर्ध्यातील मगनवाडीतून गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांची 'ग्राम उद्योग पत्रिका' निघू लागली. १९३८ मध्ये काका कालेलकर आणि दादा धर्माधिकारी यांनी वर्ध्याहून हिंदी 'सर्वोदय' सुरू केले. पवनारला १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाल्यावर तेथील भगिनींनी 'मैत्री' हे मासिक चालवले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम त्या स्वतःच्या हातांनी करीत. लिहिणारा, छापणारा आणि धाडणारा हे तिघे एकाच अंगणात नांदत असल्याचे याहून शुद्ध उदाहरण मला ठाऊक नाही.

गांधीजींचे 'हरिजन' पुण्यात आणि अहमदाबादेत छापले जाई, परंतु १९३६ पासून त्यातील कितीतरी मजकूर जमनालाल बजाज ज्या शेगावचे मालगुजार होते त्या गावातील कुटीत लिहिला गेला. या गावाची पत्रे नामसाम्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊन पडत, म्हणून १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. पत्त्याचे महत्त्व गांधीजी उत्तम जाणत होते. एप्रिल १९१९ मध्ये मुंबईत त्यांनी कायदा मोडूनच काढलेल्या, नोंदणी न केलेल्या 'सत्याग्रही' या पत्रकाच्या शिरोभागी संपादकाचे नाव आणि गावदेवीतील लॅबर्नम रोडचा पत्ता ठळकपणे छापलेला होता, आणि वाचकाने त्याच्या नकला करून मित्रांना द्याव्यात अशी विनंतीही होती. 'हिंद स्वराज'च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असे छापले होते. नक्कल करण्याची मुभा आणि लेखकाच्या नावाची जबाबदारी ही दोन्ही तत्त्वे त्यांच्या पत्रकारितेत एकत्र नांदली. विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला, त्याचे वृत्त सरकारी अधिकाऱ्याला दाखवल्याविना छापू नये अशी सूचना आली, तेव्हा परवानगीने छापण्यापेक्षा गांधीजींनी 'हरिजन'च स्थगित केले. ते जानेवारी १९४२ मध्ये पुन्हा निघाले.

या सर्व पत्रांना कागद, छापखाना, टपालखर्च आणि १८६७ च्या कायद्यान्वये दंडाधिकाऱ्यापुढचे प्रतिज्ञापत्र लागे, आणि म्हणून ही प्रथा आश्रमांपुरती आणि धनिकांच्या साहाय्यापुरती मर्यादित राहिली. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेली वेबची यंत्रणा सर्व जगाला विनामूल्य आणि विनाशर्त खुली केली, तेव्हा ही मर्यादा तत्त्वतः संपली. भारतात सर्वसामान्यांना आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. मराठीची अडचण मात्र लिपीची होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा, तो उतरवून घेतल्यावाचून पानावर केवळ अगम्य चिन्हे दिसत, आणि शोधयंत्रांना तर त्यातील एकही अक्षर वाचता येत नसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते, पण घरच्या संगणकांवर ती व्यवहार्य होण्यास विंडोज २००० आणि त्यासोबतचा मंगल फाँट यावा लागला. त्यानंतर बरहा आणि गमभन यांसारख्या साधनांनी रोमन कळफलकावरून मराठी लिहिणे सुकर केले.

त्यापुढचे दशक हे माझ्या मते मराठी गद्याच्या इतिहासातील एक मोठे दशक आहे, आणि त्याची योग्य दखल वाङ्मयेतिहासकारांनी अद्याप घेतलेली नाही. अमेरिकेतील संगणक अभियंता, पुण्यातील गृहिणी, विदर्भातील शिक्षक असे लोक, ज्यांनी नियतकालिकांकडे कधी हस्तलिखित पाठवले नसते, ते आपापल्या अनुदिनीत, म्हणजे ब्लॉगवर, किल्ल्यांची भ्रमंती, आजीच्या हातचे पदार्थ, वाचलेली पुस्तके, परदेशातील एकटेपण याविषयी लिहू लागले. त्यांना कोणी मानधन दिले नाही आणि शब्दमर्यादाही घातली नाही. मराठीब्लॉग्ज.नेट या सूचीवर नवा लेख प्रसिद्ध झाल्याचे दिसे; वाचक गूगल रीडरमध्ये आपल्या आवडीच्या लेखकांची फीड जोडून ठेवी आणि लेख ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने वाची. 'रेषेवरची अक्षरे' या नावाने ब्लॉगलेखनाचा दिवाळी अंकही आंतरजालावर निघाला. यांतील बहुतेकांची घरे गूगलने २००३ मध्ये विकत घेतलेल्या ब्लॉगरवर होती, म्हणजे दर्जा मौरुसी कुळाचा होता. परंतु लेखाचा पत्ता स्थिर होता, तो कोणालाही खाते न उघडता वाचता येई आणि सगळा मजकूर उचलून अन्यत्र नेण्याची सोय होती. ज्या थोड्यांनी स्वतःचे डोमेन घेतले ते मालिक-मकबुजा झाले.

हे ब्लॉगविश्व पुढे मोडले; पण ते बळजबरीने मोडले गेले असे मात्र कोणी समजू नये. फेसबुकावर वाचक आयते होते, दाद क्षणात मिळे, आणि ब्लॉगावर आठवडाभरात एखादी प्रतिक्रिया येई. रयत मालगुजाराकडे जात असे ती बियाण्यासाठी आणि बैलासाठी, कारण ते अन्यत्र मिळत नसे. लेखकही असाच गेला, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. दोष आहे तो नंतरच्या बंदोबस्ताचा. कोणाचे लेखन कोणाला आणि केव्हा दाखवावे हे मंचाने आपल्या हाती घेतले. बाहेरच्या पानाचा दुवा मागे पडू लागला. आणि दोन वर्षांपूर्वीचा स्वतःचाच लेख शोधणे लेखकाला दुर्घट झाले. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झाले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कलावंतांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. त्या निर्णयाची कारणे काहीही असोत, प्रेक्षक सोबत नेण्याचा मार्ग त्यांच्याजवळ नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपने तर लेखकाचे नावच काढून टाकले. 'सत्याग्रही'च्या नकलेवर संपादकाचा पत्ता राही. आज पुढे धाडलेल्या मजकुरावर कोणाचीच सही नसते, आणि कोणा ब्लॉगलेखिकेचा जिव्हाळ्याचा लेख पु. ल. देशपांडे यांच्या नावावर फिरताना दिसला की मन विषण्ण होते.

एक प्रसंग मात्र कृतज्ञतेने नोंदवला पाहिजे. फेसबुकने निवडलेली मोजकी संकेतस्थळे गरिबांना विनामूल्य दाखवण्याची फ्री बेसिक्स ही योजना भारतात आली होती. २०१५ मध्ये आंतरजालावरील सर्व वाटा समान राहाव्यात म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक पत्रे गेली होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने असे भेदभावाचे दर निषिद्ध ठरवले आणि योजना येथून उठली. वर्ध्याच्या एखाद्या मुलाने स्वतःचे पान उघडले, तर ते पाहण्याचा दर आणि फेसबुक पाहण्याचा दर एकच राहिला, तो या निर्णयामुळे. ऑगस्ट २०१४ पासून .भारत हे देवनागरी डोमेनही मराठीसाठी उपलब्ध आहे; त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते, आणि तेवढे भरले की त्या पत्त्यावर कोणता मजकूर कोणत्या क्रमाने दिसावा हे ठरवणारा तिऱ्हाईत मध्ये नसतो.

राहता राहिला जतनाचा प्रश्न, आणि तो सर्वांत निकडीचा आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने छापील ग्रंथाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी यांसारख्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांकडे पाठवावी लागते; आंतरजालावरील लेखनाला हा नियम लागू नाही. 'महाराष्ट्र धर्म'मधील निबंध पुस्तकरूपाने टिकले. २००५ च्या ब्लॉगांना असा कोणी ग्रंथपाल नाही. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली खाती मिटवली जाऊ शकतील. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने 'हिंदी समय' या संकेतस्थळावर हिंदी साहित्य सर्वांसाठी खुले केले आहे. तशाच निष्ठेने एखाद्या मराठी विद्यापीठाने किंवा जिल्हा ग्रंथालयाने मराठी ब्लॉगांच्या प्रती लेखकांच्या संमतीने उतरवून ठेवाव्यात, आणि आरंभ ज्यांचे लेखक आता हयात नाहीत अशा ब्लॉगांपासून, त्यांच्या वारसांना गाठून करावा, कारण त्या खात्यांचा पासवर्ड बहुधा लेखकाबरोबरच गेलेला असतो.