क्रमांक कोणी लिहायचा?

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर मागे पडलं की नारायणगाव येतं, आणि तिथून आत खोडद. जुन्नर तालुक्यातल्या या गावाजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. त्यातल्या १४ मधोमध, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. पाहुण्यांना दिसतात त्या तबकड्या. रेडिओलहरींचं चित्र मात्र तयार होतं सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथे ज्याचा त्याचा आवृत्ती क्रमांक असतो. कच्चा डेटा उलगडणारे 'लिस्टस्कॅन' आणि 'जीव्हीफिट्स', पुढे 'एआयपीएस' किंवा 'कासा', त्याखाली पायथॉन. निकाल दुसऱ्या कुणाला पडताळायचा असेल तर हे सगळे क्रमांक नोंदवहीत हवेत. आणि प्रत्येकाची क्रमांक लिहायची तऱ्हा निराळी.

या क्रमांकाचं कूळ शोधत गेलं की अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये पोहोचतो. १९७२ मध्ये तिथे मार्क रॉचकिंड यांनी 'एससीसीएस' लिहिलं. कोडमधला प्रत्येक बदल ते साठवून ठेवी आणि त्याला १.१, १.२ असा क्रमांक स्वतःच देई. खरी गंमत पुढे आहे. कोडमध्ये एक ठरावीक खूण टाकून ठेवली की फाइल बाहेर काढताना तिच्या जागी @(#) ही चार चिन्हं आणि त्यांच्यामागे चालू क्रमांक भरला जाई. कंपाइल झालेल्या प्रोग्रामच्या पोटातही तो मजकूर टिके. 'व्हॉट' नावाची आज्ञा तो शोधून दाखवी. माणसाने क्रमांक टाइप करायचा प्रश्नच नव्हता.

मग १९७६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांचं 'मेक' आलं. प्रोग्राम बांधणाऱ्या साधनांचा हा मूळपुरुष. पण त्याला कळे ती फक्त फाइलींची वेळ: कोणती जुनी, कोणती नवी. आवृत्तीशी त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणून लोक मेकफाइलमध्ये क्रमांक हाताने लिहू लागले, आणि माझ्या मते भानगड इथेच सुरू झाली. पुढे ऑटोकॉन्फ, मेव्हन, सीमेक, एनपीएम अशी साधनं येत गेली आणि प्रत्येकाने क्रमांकासाठी आपली वेगळी फाइल नेमली. दोन भाषांत लिहिलेल्या प्रकल्पात तोच क्रमांक तीन ठिकाणी असतो. प्रकाशनाच्या घाईत दोन ठिकाणी बदलतो, तिसऱ्या ठिकाणी राहून जातो.

शिवाय तो वाचायचा कसा यावरही एकमत नाही. १.१० ही आवृत्ती १.९ च्या नंतरची. दशांश म्हणून वाचलं तर उलटं होतं. सातबारावर २१२/९ नंतर २१२/१० हा पोटहिस्सा येतो, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला शिकवावं लागत नाही. प्रोग्रामांना मात्र ते शिकवावं लागलं. १.० ची प्रकाशनपूर्व चाचणी आवृत्ती पायथॉन '१.०आरसी१' अशी सलग लिहितो, एनपीएमला '१.०.०-आरसी.१' असं मधल्या रेघेसह हवं, तर डेबियनमध्ये '१.०~आरसी१', तिथे ~ या चिन्हाचा अर्थच 'याच्या आधीची'. तिन्ही साधनांतून जाणाऱ्या प्रकल्पात हे भाषांतर कुणाला तरी करावंच लागतं.

आता बरेच प्रकल्प क्रमांक हाताने लिहीतच नाहीत. 'गिट डिस्क्राइब' ही आज्ञा आवृत्तीची शेवटची खूण (टॅग) कोणती आणि तिच्यानंतर किती बदल झाले ते सांगते, आणि बांधणीची साधनं तेच उचलतात. म्हणजे फिरून १९७२ च्याच ठिकाणी.

खोडदचा डेटा हाताळणाऱ्यांना या सगळ्या तऱ्हा एकाच टेबलावर भेटतात. एआयपीएसच्या आवृत्तीला वर्षाच्या ३१ डिसेंबरचं नाव असतं, पण वर्षभर ती घडतच असते. 'मिडनाइट जॉब' चालवला की त्या दिवसापर्यंतचे बदल येतात. तेव्हा मार्चमधली '३१ डिसेंबर' आणि सप्टेंबरमधली '३१ डिसेंबर' यांची नावं एक, आत मजकूर वेगळा. मेव्हनमधला 'स्नॅपशॉट' हाच प्रकार. कासाची पाचवी मालिका पायथॉन २ वर होती, सहावी ३ वर गेली. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ-खगोलशास्त्र केंद्रातल्या ऋता काळे आणि ईश्वरचंद्र यांनी अद्ययावत जीएमआरटीसाठी 'कॅप्चर' ही साधनसाखळी केली. तिचा नवा अवतार 'कॅप्चर-कासा६' या नावाने आला. खालच्या साधनाचा क्रमांक थेट नावातच.

या गोतावळ्यात फिट्स हा खगोलशास्त्राचा फाइल-प्रकार वेगळा उठून दिसतो. १९८१ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तो मान्य केला. नियम असा की एकदा वैध ठरलेली फिट्स फाइल कायम वैध. मानकाच्या दस्तऐवजाला क्रमांक आहे, तो ४.० पर्यंत गेलाय. फाइलीत मात्र आवृत्ती लिहायला जागाच ठेवलेली नाही. जीएमआरटीचा कच्चा डेटा असा नाही. तो 'एलटीए' प्रकारात असतो, त्याची फिट्स करतं जीव्हीफिट्स, आणि जीव्हीफिट्सची आवृत्ती नोंदवहीत लिहावीच लागते.