योशिदा र्‍यूसेई

जपानच्या सायतामा प्रांतातील चिचिबू शहराच्या योशिदा भागात गावकरी स्वतः बांधून उडवतात ते काळ्या दारूचे लाकडी अग्निबाण, आणि त्यांचा उत्सव. मुकू या शिंतो देवस्थानाच्या वार्षिक उत्सवात, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, हे बाण देवाला अर्पण केले जातात. ‘र्‍यूसेई’ म्हणजे ड्रॅगनचे बळ. योशिदा हे पूर्वी स्वतंत्र गाव होते. 2005 मध्ये ते चिचिबू शहरात विलीन झाले. बाण बांधणारे बहुतेक जण धंदेवाईक आतषबाज नसून शेतकरी, दुकानदार, कारागीर आणि नोकरदार असतात. 2018 मध्ये जपान सरकारने या परंपरेला ‘महत्त्वाचा अमूर्त लोकसांस्कृतिक वारसा’ असा दर्जा दिला.

उगम : याविषयी एकमत नाही. एका समजुतीनुसार सोळाव्या शतकातील युद्धकाळात इशारा देण्यासाठी सोडल्या जाणाऱ्या धुराच्या बाणांतून ही प्रथा आली. देवस्थानाच्या आख्यायिकेत तिचा संबंध पुराणपुरुष यामातो ताकेरूच्या भाल्यातून निघालेल्या प्रकाशाशी जोडला जातो.

रचना : बाणाचे मुख्य अंग म्हणजे पाइन लाकडाची नळी. लाकूड उभे चिरून दोन भाग करतात, दोन्ही आतून कोरतात, पुन्हा जुळवतात आणि वरून बांबूच्या पट्ट्यांच्या कड्या ठोकून घट्ट आवळतात. दारू जळताना नळीत निर्माण होणारा दाब या कड्यांनीच पेलायचा असतो. एखादी सैल राहिली तर सांधा उघडतो आणि नळी फुटते. त्यामुळे पिंप बांधणाऱ्याच्या हातातले कसब येथे दारूकामाइतकेच मोलाचे ठरते.

नळीत सोरा, कोळसा आणि गंधक यांची दारू थराथराने ठासतात. मिश्रणाचे प्रमाण आणि ठासण्याची रीत हे प्रत्येक संघाचे गुपित असते. ठासलेल्या दारूत खालच्या बाजूने एक लांब पोकळी कोरली जाते. पेट घेतल्यावर या पोकळीची सगळी भिंत एकदम जळू लागते, वायू वेगाने खाली सुटतो आणि जड बाणाला जमीन सोडण्याइतका जोर मिळतो. पोकळीच्या वरचा भरीव भाग त्यामानाने सावकाश जळतो. बाण वर चढत असताना तेवढा अवधी मिळतो आणि शेवटी माथ्यावरचा साज उघडतो. ठासणीत बारीक तडा राहिला तर ज्वाळा त्यात शिरते, जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो आणि बाण जागच्या जागी उडतो. अपयशाची बहुतेक कारणे अशी ठासणीत किंवा नळीच्या सांध्यात असतात.

नळीला लांब बांबूची शेपटी बांधतात. तिच्यामुळे हवेचा रोध बाणाच्या गुरुत्वमध्याच्या मागे पडतो आणि बाण भरकटत नाही. दिवाळीत बाटलीत उभ्या केलेल्या बाणाची काडी हेच काम करते. माथ्यावर कागदी छत्र्या, हवाई छत्री, रंगीत धूर असा साज असतो. बाणाने शिखर गाठल्यावर हा साज सुटून तरंगत खाली येतो. चांगला बाण 300 ते 500 मीटर उंची गाठतो.

संघ : बांधणीचे काम वस्तीवस्तीतील संघांकडे असते. अशा संघांची संख्या 27 सांगितली जाते. प्रत्येकाचे नाव आणि परंपरा वेगळी. विद्या लिखित पाठापेक्षा ज्येष्ठांच्या हाताखाली राहून शिकली जाते. दारू हाताळण्याचे काम मात्र परवानाधारक आतषबाजांच्या देखरेखीखाली आणि कायद्याने घातलेल्या मर्यादेत चालते.

पोशाख : प्रत्येक संघाचे सदस्य आपल्या चिन्हाचा आखूड अंगरखा (हाप्पी) घालतात.

उड्डाण : टेकडीच्या पायथ्याशी उभारलेल्या उंच लाकडी मनोऱ्यावरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुमारे 30 बाण, साधारण पाव तासाच्या अंतराने सोडले जातात. प्रत्येक बाणापूर्वी संघाचा प्रतिनिधी व्यासपीठावरून लयबद्ध निवेदन म्हणतो. त्यात संघाचे नाव, अर्पण करणाऱ्यांची इच्छा आणि माथ्यावरच्या साजाचे वर्णन असते. काही बाण सरळ चढतात, काही वाकडे जातात, काही मनोऱ्यावरच फुटतात. पूर्ण आकाराच्या बाणाची खरी चाचणी ही सर्वांसमक्ष होणारी, वर्षातून एकदाच येणारी असते. कोणत्या बाणाने कसा पेट घेतला, किती वेळ धूर सोडला, साज कोणत्या क्षणी उघडला हे निरखले जाते, आणि पुढील वर्षीची ठासणी त्या अनुभवावर ठरते. योशिदातील तंत्रज्ञानाचा विकास या संथ गतीनेच झाला आहे.

1884 चा उठाव : मुकू देवस्थान जपानच्या इतिहासात आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. कच्च्या रेशमाचे भाव कोसळल्याने चिचिबू खोऱ्यातील रेशीम-उत्पादक शेतकरी सावकारी कर्जात बुडाले होते. 1 नोव्हेंबर 1884 रोजी सुमारे 3,000 शेतकरी या देवळाच्या आवारात जमले आणि ताशिरो एइसुके यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी कर्जमुदतवाढ व करकपातीसाठी उठाव केला. लष्कराने तो काही दिवसांत मोडला. नेत्यांपैकी योशिदाचे व्यापारी इनोउए देन्झो होक्काइदोला निसटले आणि 1918 मध्ये मृत्यू होईपर्यंत तेथे बहुतांश काळ खोट्या नावाने राहिले. या उठावावरील ‘कुसा नो रान’ (2004) या चित्रपटासाठी त्यांच्या घराची प्रतिकृती बांधण्यात आली. ती आज र्‍यूसेई संग्रहालयाशेजारी आहे.

अन्य ठिकाणे : शिझुओका प्रांतात कुसानागी व आसाहिना येथे अशीच प्रथा आहे. थायलंडच्या यासोथोन येथील पावसासाठीचे बाण आणि ग्रीसच्या किओस बेटावरील व्रोंतादोसची ईस्टरमधील बाणांची लढाई ही काळ्या दारूच्या बाणांची दुसरी उदाहरणे.

हौशी रॉकेटबांधणीशी तुलना : अमेरिकेत 1950 च्या दशकात अनेक मुले घरीच इंधन मिसळून रॉकेट बनवू लागली आणि गंभीर अपघात झाले. ऑर्व्हिल कार्लाइल यांनी 1954 मध्ये बनवलेले छोटे प्रारूप, जी. हॅरी स्टाइन यांनी 1957 पासून केलेला प्रसार आणि व्हर्नन एस्टेस यांनी 1958 मध्ये तयार केलेले इंजिन-निर्मितीचे यंत्र यांमुळे हा छंद बदलला. काळी दारू तीच राहिली, पण ती कारखान्यातून बंद इंजिनांत येऊ लागली आणि हौशी माणसाचा दारूशी थेट संबंध सुटला. योशिदाने दुसरी वाट धरली. दारूकाम गावातच ठेवले, पण ते एकट्यादुकट्याच्या हाती न देता संघ, ज्येष्ठ, परवाना आणि सार्वजनिक चाचणी यांच्या चौकटीत बसवले. पहिल्या मार्गाने हा छंद लाखो मुलांपर्यंत सुरक्षितपणे पोचला. दुसऱ्याने यंत्रपूर्व काळातील बाणाची संपूर्ण विद्या, लाकूड निवडण्यापासून उड्डाणापर्यंत, जिवंत ठेवली.

लोकप्रियता : ‘आनो हाना’ (2011) या दूरचित्रवाणी अ‍ॅनिमे मालिकेचे कथानक चिचिबूत घडते आणि त्यात मित्रमंडळी असा बाण उभारतात. त्यानंतर तरुण प्रेक्षकांना हा उत्सव माहीत झाला.

भारतातील स्थिती : स्फोटके अधिनियम, 1884 आणि त्याखालील 2008 चे नियम यांनुसार परवान्याशिवाय असे दारूकाम करणे गुन्हा आहे. परवाना देणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे पेसोचे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना), मुख्यालय नागपूरला आहे. भारतीय आतषबाजीच्या इतिहासावर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी मूलभूत काम केले आहे.

मूल्यमापन : र्‍यूसेईचे महत्त्व उंचीच्या आकड्यांत नाही. धोकादायक विद्या बंद न करता ती जबाबदारीने कशी सांभाळावी, याचे हे मोलाचे उदाहरण आहे. गावांतील तरुणांची संख्या घटत असताना नळी कोरणारे व कड्या ठोकणारे हात पुढे मिळतील की नाही, यावर तिचे भवितव्य अवलंबून आहे. सरकारी दर्जाने नोंद टिकते, कसब टिकायला शिकाऊ माणूस लागतो.